जुना टेम्पो घेताना : इंजिनापासून पाट्यापर्यंत काय तपासावे?

व्यापार लहान असो वा मोठा, माल हलल्याशिवाय पैसा हलत नाही. लूमवरून ग्रे कापड उचलायचे, ते प्रोसेसला द्यायचे, रंगून आलेली थाने दुकानदारापर्यंत पोहोचवायची, हे आम्हा कापडवाल्यांचे रोजचे काम. सुतार, फॅब्रिकेशनवाले, फर्निचरवाले, फळांचे व्यापारी या सर्वांचे तेच. भाड्याचा टेम्पो गरजेच्या वेळी मिळत नाही आणि सीझनमध्ये मिळाला तर भाडे दुप्पट सांगतो. म्हणून प्रत्येकाला वाटते की दाराशी आपली स्वतःची गाडी असावी.

नवी गाडी रोखीने घेण्याची ऐपत सर्वांची नसते. व्याजाच्या हप्त्यात अडकण्याची अनेकांची तयारी नसते. तेव्हा उरतो तो जुन्या गाडीचा मार्ग. हा मार्ग वाईट मुळीच नाही. नीट निवडलेली जुनी गाडी पाच-सात वर्षे घर चालवते. मात्र न पाहता घेतलेली गाडी सहा महिन्यांत भांडवल खाऊन टाकते आणि मालक व्यापार सोडून गॅरेजच्या फेऱ्या मारू लागतो. ज्या कारागिराची सगळी जमा-पुंजी दीड-दोन लाखांची आहे त्याच्यासाठी ही मामुली गोष्ट नव्हे. म्हणून आम्ही या लेखात आमच्या तीस वर्षांच्या वापरातून आणि उस्ताद मिस्त्रींकडून जे शिकलो ते क्रमाने मांडत आहोत.

आपल्या कामाला कोणती गाडी?

आपल्याकडे मालाच्या छोट्या गाडीला सरसकट 'टेम्पो' म्हणतात. हे मुळात जर्मनीतील एका कंपनीच्या गाडीचे नाव. पुण्याच्या बजाज टेम्पो कंपनीने त्या कंपनीच्या सहकार्याने तीनचाकी गाड्या काढल्या आणि नाव लोकांच्या तोंडी बसले. पुढे याच कंपनीची मॅटाडोर आली. १९८६ साली टाटाची ४०७ आली. २००५ साली टाटाने 'एस' म्हणजे आपला छोटा हत्ती बाजारात आणला आणि गल्लीबोळातील मालवाहतुकीचे चित्रच बदलले. मारुती ओम्नीचे उत्पादन २०१९ मध्ये बंद झाले, तरी जुन्या ओम्नी आजही बाजारात विकायला येतात. याशिवाय ईको, महिंद्राची बोलेरो पिकअप, अशोक लेलँडची दोस्त या गाड्या जुन्या बाजारात भरपूर मिळतात.

गाडी पाहायला जाण्याआधी आपल्या मालाचे वजन कागदावर लिहा. कापड दिसायला मऊ, पण गाठ बांधली की लोखंडासारखी जड. सूत आणि बीम त्याहून जड. आरसीवर गाडीचे एकूण वजन आणि रिकाम्या गाडीचे वजन असे दोन आकडे असतात. पहिल्यातून दुसरा वजा केला की कायदेशीर भार निघतो. समजा एकूण १,५५० किलो आणि रिकामी ८०० किलो, तर भार ७५० किलो. आपला रोजचा माल हजार किलो असेल तर ही गाडी आपली नव्हे, मग ती कितीही स्वस्त मिळो. पुढे सांगितलेल्या बिघाडांपैकी निम्मे बिघाड ओव्हरलोडमुळेच होतात.

गाडी थंड असताना पाहावी

पहिला नियम हा की विक्रेत्याला आधीच सांगावे, "आम्ही सकाळी येतो, आम्ही येईपर्यंत गाडी चालू करू नका." गरम इंजिन आपले ऐब लपवते. गेल्याबरोबर इंजिनावर आणि रेडिएटरवर हात ठेवून पाहा. ओम्नीसारख्या गाडीत इंजिन पुढच्या सीटखाली असते, तिथे सीट उचलावी लागते. इंजिन आधीच कोमट असेल तर समजावे की ते सुरू व्हायला त्रास देते म्हणून कोणीतरी आधी चालवून ठेवले आहे. अशा वेळी भांडू नये. "उद्या पुन्हा येतो" म्हणावे.

आता चावी फिरवा, पण सेल्फ मारू नका. डॅशबोर्डवर ऑइल, बॅटरी आणि नव्या गाड्यांत इंजिनचा दिवा लागला पाहिजे आणि इंजिन सुरू झाल्यावर तो विझला पाहिजे. दिवा लागतच नसेल तर तो जळाला आहे किंवा मुद्दाम काढला आहे. बिघाड दुरुस्त करण्यापेक्षा दिवा काढणे स्वस्त पडते, हे लक्षात ठेवावे.

चांगले डिझेल इंजिन थंड असतानाही दोन-तीन सेल्फमध्ये उठते. काही गाड्यांत हीटर प्लगचा दिवा विझेपर्यंत थांबावे लागते, तेवढे थांबा. त्यानंतरही सेल्फ बराच वेळ फिरवावा लागत असेल तर कारणे चार असू शकतात : बॅटरी उतरलेली, हीटर प्लग गेलेला, डिझेलच्या लाइनमध्ये हवा, किंवा कॉम्प्रेशन कमी झालेले. पहिली तीन कारणे किरकोळ खर्चाची आहेत. चौथे मोठे आहे.

धूर काय सांगतो?

गाडी सुरू झाल्यावर एकाने सायलेन्सरजवळ उभे राहावे. काळा धूर म्हणजे डिझेल पूर्ण जळत नाही. एअर फिल्टर चोक झाला असेल, इंजेक्टर किंवा पंपाचे काम असेल. एअर फिल्टर बदलून भागले तर ठीक, इंजेक्टर आणि पंपाचा खर्च मात्र विचारूनच पुढे जावे.

निळसर धूर म्हणजे इंजिन ऑइल जाळते आहे. रिंगा झिजल्या आहेत, व्हॉल्व्हचे सील गेले आहेत किंवा टर्बो असलेल्या गाडीत टर्बोचा सील गळतो आहे. गाडी थोडा वेळ न्यूट्रलमध्ये चालू ठेवून एकदम रेस दिल्यावर निळा भपका आला तर व्हॉल्व्ह सीलचा संशय घ्यावा. चढावर ओढताना सतत निळा धूर असेल तर रिंगांचा.

पांढऱ्या धुराचे दोन प्रकार. थंड सकाळी पहिली एक-दोन मिनिटे थोडा पांढरा धूर निघून बंद झाला तर काळजी नाही. पण इंजिन गरम झाल्यावरही वाफेसारखा पांढरा धूर येत राहिला आणि रेडिएटरमधील पाणी कमी होत असेल तर पाणी सिलिंडरमध्ये जात आहे. म्हणजे हेड गॅस्केट गेले किंवा हेडला क्रॅक आहे.

यानंतर चालू इंजिनावर ऑइल भरण्याचे झाकण सावकाश सैल करून पाहा. थोडीशी हवा येतेच. परंतु झाकण उडू लागले, आतून धूर फुकल्यासारखा बाहेर आला, तर त्याला मिस्त्री 'बॅक कॉम्प्रेशन' म्हणतात. रिंगा आणि सिलिंडर झिजल्यामुळे दाब खाली ऑइलच्या बाजूला येतो. अशा गाडीला आज ना उद्या पूर्ण इंजिनकाम लागणार. विक्रेता घट्ट ऑइल टाकून किंवा औषध ओतून धूर काही दिवस दाबू शकतो, पण बॅक कॉम्प्रेशन लपवणे त्याला अवघड जाते.

ऑइल आणि पाणी

इंजिन बंद करून डिपस्टिक काढा. डिझेल गाडीचे ऑइल काळे असणे साहजिक आहे, त्यावरून इंजिन खराब ठरवू नये. ऑइल दुधाळ, चहासारखे दिसले तर त्यात पाणी मिसळले आहे. पातळी खुणेच्या वर असेल आणि डिझेलचा वास येत असेल तर डिझेल ऑइलमध्ये उतरते आहे. बोटावर ऑइल चोळून पाहा. कणकण लागली किंवा धातूची चमक दिसली तर आत बेअरिंग झिजते आहे.

रेडिएटरचे झाकण फक्त थंड गाडीवर उघडावे. गरम असताना उघडले तर उकळते पाणी तोंडावर येते, हातही भाजतात. आत हिरवे किंवा गुलाबी कूलंट असावे. नुसते गंजाचे तांबूस पाणी असेल तर मालकाने कूलंटकडे कधी लक्ष दिलेले नाही. पाण्यावर तेलाचा तवंग दिसला तर हेड गॅस्केटचा संशय पक्का झाला.

आपल्याकडे एक वाईट रिवाज आहे. गाडी गरम होते म्हटले की मिस्त्री थर्मोस्टॅट व्हॉल्व्ह काढून टाकतो आणि पंखा थेट जोडतो. गाडी तात्पुरती गरम व्हायची थांबते, पण मूळ रोग, म्हणजे चोक झालेला रेडिएटर किंवा थकलेला वॉटर पंप, तसाच राहतो. म्हणून ट्रायल घेताना टेंपरेचरचा काटा पाहत राहा. काटा मध्यावर येऊन थांबला पाहिजे. तो कधीच वर येत नसेल तर व्हॉल्व्ह काढला आहे किंवा काटा बंद आहे. मालेगावहून मुंबईकडे जाणाऱ्याला कसारा घाट आहे आणि साताऱ्याहून पुण्याकडे जाणाऱ्याला खंबाटकी. भरलेली गाडी घाटात गरम झाली तर ती रात्र रस्त्यावर काढावी लागते आणि सकाळची डिलिव्हरी हातची जाते.

क्लच आणि गिअरबॉक्स

मालाच्या गाडीचा क्लच नेहमीच जास्त झिजतो. बाजारात पावला-पावलावर थांबणे, भार घेऊन चढणे, आणि ड्रायव्हरचा डावा पाय सतत पेडलवर. तपासण्याची रीत सोपी आहे. मोकळ्या सपाट जागी हँडब्रेक ओढा, तिसरा गिअर टाका, थोडी रेस देऊन क्लच हळूहळू सोडा. चांगला क्लच इंजिन लगेच बंद पाडतो. इंजिन चालूच राहिले आणि गाडी जागची हलली नाही तर क्लच प्लेट घसरते आहे. ही परीक्षा एकदाच करावी. वारंवार केल्यास चांगला क्लचही जळतो आणि विक्रेत्याशी वाद होतो.

आवाजाकडे कान द्या. न्यूट्रलमध्ये पेडल दाबल्यावर घरघर सुरू झाली तर रिलीज बेअरिंग गेले आहे. उलट, पेडल सोडलेले असताना आवाज येतो आणि दाबल्यावर थांबतो, तर गिअरबॉक्सच्या इनपुट शाफ्टच्या बेअरिंगचे काम आहे. पहिल्यात क्लचबरोबर काम होऊन जाते, दुसऱ्यात गिअरबॉक्स खोलावा लागतो. दोघांच्या खर्चात मोठा फरक आहे.

चालवताना सर्व गिअर टाकून पाहा, रिव्हर्सही. दुसरा गिअर टाकताना करकर आली तर सिंक्रोनायझर झिजला आहे. उतारावर ॲक्सिलरेटर सोडल्यावर गिअर आपोआप निसटून न्यूट्रल होत असेल तर अशी गाडी भार घेऊन घाट उतरण्यास धोकादायक समजावी.

मागचा भाग : शाफ्ट आणि डिफरन्शियल

मागच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीत गिअरबॉक्सपासून मागच्या एक्सलपर्यंत प्रोपेलर शाफ्ट असतो. त्याच्या जोडातील क्रॉस झिजला की गाडी निघताना किंवा रिव्हर्समधून पुढे घेताना 'टक्' असा ठोका येतो. वेग वाढल्यावर पायाखाली थरथर जाणवत असेल तर शाफ्टचा बॅलन्स किंवा मधले बेअरिंग पाहावे. क्रॉसचे काम स्वस्त आहे, पण तो रस्त्यात तुटला तर शाफ्ट खाली पडून मोठा अपघात होऊ शकतो.

डिफरन्शियलचा आवाज वेगळा असतो. ठरावीक वेगावर बारीक हुंकार सुरू होतो आणि ॲक्सिलरेटर दाबला-सोडला की त्याचा सूर बदलतो. हा क्राऊन-पिनियनचा आवाज. काही विक्रेते जाड ग्रीस भरून तो दाबतात. म्हणून गाडी निदान आठ-दहा किलोमीटर चालवून एक्सल गरम झाल्यावर पुन्हा ऐकावे. मागच्या चाकांच्या आतल्या बाजूला ऑइल पाझरलेले दिसले तर हब सील गेला आहे. ते ऑइल ब्रेकच्या लायनरवर जाते आणि ब्रेक लागत नाही.

पाटे, चेसिस आणि ओव्हरलोडच्या खुणा

गाडी सपाट जागी उभी करून मागे दहा पावले जा आणि खाली बसून पाहा. एक बाजू कललेली दिसते का? मागचे पाटे सरळ झाले आहेत की उलटे वाकले आहेत? कंपनीच्या पाट्यांत वेगळ्या रंगाचा जादा पाटा घातलेला दिसला तर समजावे की गाडीने क्षमतेपेक्षा जास्त माल ओढला आहे. जादा पाट्याने गाडी बसत नाही हे खरे, पण त्याने चेसिस, एक्सल, ब्रेक आणि क्लचची ताकद वाढत नाही. सगळा मार त्यांच्यावर गेलेला असतो.

मग टॉर्च घेऊन गाडीखाली जा. तुटलेला पाटा, सैल यू-बोल्ट, खाल्लेले शॅकलचे बुश पाहा. पाटे जिथे चेसिसला अडकवले आहेत त्या जागा बारकाईने पाहा. तिथे क्रॅक, वेल्डिंग किंवा जोडपट्टी असेल तर गाडी सोडून द्यावी. पाटे बदलता येतात, बुश बदलता येतात, वाकलेली आणि तडकलेली चेसिस पुन्हा पहिल्यासारखी होत नाही. नव्या काळ्या रंगाने चेसिस रंगवलेली असेल तर अधिक बारकाईने पाहावे.

आमच्या ओळखीच्या एका टॉवेल कारखानदाराने दिवाळीच्या तोंडावर नवा रंग मारलेली अशीच एक गाडी घेतली. बॉडी चकाचक, सीटकव्हर नवे. माल भरून तिसऱ्या खेपेला मागच्या हँगरजवळची वेल्डिंग सुटली, एक्सल तिरका झाला आणि गाडी रस्त्याच्या कडेला बसली. कोणाला इजा झाली नाही, हेच नशीब. पण सीझनचे बारा दिवस गेले, भाड्याच्या गाडीचे पैसे वेगळे आणि दोन गिऱ्हाइकांनी ऑर्डर दुसरीकडे वळवली. मिस्त्रीने खाली जाऊन पाहिले असते तर दहा मिनिटांत कळण्यासारखी ती गोष्ट होती.

स्टिअरिंग, चाके आणि टायर

पुढचे चाक जॅकवर उचला. चाक वर-खाली धरून हलवा. खेळ जाणवला तर दुसऱ्याला ब्रेक दाबायला सांगून पुन्हा हलवा. ब्रेक दाबल्यावर खेळ गेला तर चाकाचे बेअरिंग सैल आहे. ब्रेक दाबूनही राहिला तर गाडीप्रमाणे किंगपिन किंवा बॉल जॉइंट झिजले आहेत. मग चाक डावीकडून-उजवीकडून धरून हलवा. इथे खेळ असेल तर टायरॉड किंवा स्टिअरिंग बॉक्स तपासावा.

टायर हे गाडीचे हजेरीपत्रक आहे. दोन्ही कडा घासल्या असतील तर हवा कमी ठेवली किंवा भार जास्त घेतला. फक्त मधला भाग घासला तर हवा जास्त. एकच कड घासली तर अलाइनमेंट बिघडली आहे किंवा पुढचा एक्सल वाकला आहे. टायरच्या बाजूला चार आकडे असतात. २३१९ म्हणजे २०१९ सालाचा तेविसावा आठवडा. नक्षी चांगली दिसली तरी फार जुन्या रबराला बारीक तडे पडतात आणि उन्हाळ्यात भार घेतल्यावर असा टायर फुटतो.

ब्रेक

इंजिन बंद ठेवून पेडल चार-पाच वेळा दाबा, मग दाबून धरा आणि इंजिन सुरू करा. पेडल किंचित खाली गेले पाहिजे. नाही गेले तर बूस्टर काम करत नाही. चालू इंजिनावर पेडल दाबून धरल्यावर ते हळूहळू तळाला जाऊ लागले तर मास्टर सिलिंडर आतून गळतो आहे किंवा कुठे लाइन गळते आहे. दोन-तीन वेळा पंप मारल्यावरच ब्रेक लागत असेल तर लाइनमध्ये हवा आहे किंवा लायनर सेट नाहीत. मोकळ्या रस्त्यावर मध्यम वेगात ब्रेक मारून पाहा. गाडी एका बाजूला ओढली जाऊ नये. हँडब्रेक चढावर तपासावा. मालाची गाडी उतारावर उभी करून आपण उतरतो आणि मागे गल्लीत मुले खेळत असतात, हे विसरू नये.

वायरिंग

कापडवाल्यांनी, फर्निचरवाल्यांनी आणि पुठ्ठ्याच्या व्यापाऱ्यांनी वायरिंगकडे खास लक्ष द्यावे. आपला माल ठिणगीने पेटणारा आहे. जागोजागी टेपने बांधलेले जोड, फ्यूजच्या जागी तारेचा तुकडा, जादा हॉर्न आणि दिव्यांसाठी बॅटरीवरून थेट ओढलेल्या वायरी दिसल्या तर पूर्ण वायरिंग नवीन करण्याचा खर्च हिशोबात धरावा. बॅटरीचे व्होल्टेज मोजायला साधा मीटर पुरतो. चार्ज झालेली बॅटरी बंद गाडीत सुमारे १२.६ व्होल्ट दाखवते, इंजिन चालू केल्यावर ते साधारण १३.८ ते १४.४ पर्यंत गेले पाहिजे. वाढलेच नाही तर अल्टरनेटर चार्ज करत नाही.

बीएस-६ आणि सीएनजी गाड्या

१ एप्रिल २०२० पासून देशात बीएस-६ गाड्याच नवीन विकल्या जातात. त्यामुळे आता जुन्या बाजारातही या गाड्या येऊ लागल्या आहेत. बीएस-६ डिझेल गाडीच्या सायलेन्सरमध्ये साधारणपणे काजळी अडवणारा फिल्टर असतो. ही काजळी जाळण्यासाठी गाडी अधूनमधून लांब आणि गरम चालावी लागते. दिवसभर दोन-दोन किलोमीटरच्या खेपा केलेल्या गाडीत हा फिल्टर तुंबतो, गाडी ओढत नाही आणि इंजिनचा दिवा लागतो. फिल्टर महाग आहे. अशी गाडी स्कॅनर लावूनच घ्यावी. ज्याची सर्व धाव गल्लीतच आहे त्याने सीएनजी किंवा पेट्रोलचा विचार करणे बरे.

सीएनजी गाडी असेल तर सिलिंडरवरील प्लेट वाचा. दर तीन वर्षांनी सिलिंडरची हायड्रो टेस्ट करणे सक्तीचे आहे. आरसीवर सीएनजीची नोंद आहे का पाहा. बाहेरून बसवलेले किट नोंदीशिवाय असेल तर विम्याचा दावा नाकारला जाण्याची भीती असते. जोडांवर साबणाचा फेस लावून बुडबुडे येतात का, हे मिस्त्रीकडून पाहून घ्यावे.

पुरात बुडालेली गाडी

२००५ च्या जुलैत मुंबई-ठाणे परिसरात, २०१९ च्या ऑगस्टमध्ये कोल्हापूर-सांगलीत आणि २०२१ च्या जुलैत चिपळूणमध्ये पुराचे पाणी शिरले. प्रत्येक पुरानंतर बुडालेल्या गाड्या धुऊन-पुसून लांबच्या बाजारात विकायला येतात. खुणा अशा : सीटबेल्ट पूर्ण ओढल्यावर शेवटी मातीचा डाग, पायपुसण्याखाली गाळ, सीटच्या बोल्टना गंज, हेडलाइटच्या आत पाण्याची रेघ आणि कुबट वास. इंजिनात पाणी असताना सेल्फ मारला गेला असेल तर कनेक्टिंग रॉड वाकण्याचीही शक्यता असते. अशी गाडी निम्म्या भावातही महाग पडते.

किलोमीटरचा काटा मागे फिरवणे हाही जुना धंदा आहे. काटा पन्नास हजार सांगतो आणि पेडलचे रबर गुळगुळीत, स्टिअरिंग चकचकीत, ड्रायव्हरच्या सीटची स्प्रिंग बसलेली, तर काट्यावर भरोसा ठेवू नये. सर्व्हिसची जुनी बिले मागावीत.

कागद

यंत्र चांगले आणि कागद खोटे, तर सौदा खोटाच. चेसिस नंबर आणि इंजिन नंबर स्वतःच्या डोळ्यांनी आरसीशी ताडून पाहा. खरवडलेला किंवा पुन्हा ठोकलेला नंबर दिसला तर तिथूनच परत फिरा. मालाच्या गाडीला आठ वर्षांपर्यंत दर दोन वर्षांनी आणि त्यानंतर दरवर्षी फिटनेस, म्हणजे आपण ज्याला पासिंग म्हणतो ते, करावे लागते. पासिंग कधी संपते हे पाहा, कारण त्याच्या आधीची सर्व दुरुस्ती आपल्या अंगावर येते. टॅक्स, विमा, पीयूसी आणि थकलेले ई-चलन तपासा. एकूण वजन ३,००० किलोपेक्षा जास्त असेल तर परमिटही लागते. नावांतरासाठी फॉर्म २९ आणि ३०, कर्जाचा बोजा असल्यास फॉर्म ३५, आणि गाडी दुसऱ्या राज्यातील असेल तर फॉर्म २८ ची एनओसी लागते. बोजा उतरल्याशिवाय पूर्ण रक्कम देऊ नये.

विकणाऱ्या बंधूंनीही ऐकावे. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली एका निकालात स्पष्ट केले की आरटीओच्या दफ्तरी ज्याचे नाव आहे तोच कायद्याने मालक धरला जातो आणि अपघाताची नुकसानभरपाई त्याच्यावर येऊ शकते. म्हणून "नंतर नावावर करू" हे कोणीही मान्य करू नये.

हिशोब कसा मांडावा?

पाहणी झाल्यावर सापडलेल्या दोषांची यादी करा आणि प्रत्येकासमोर मिस्त्रीकडून खर्च लिहून घ्या. केवळ उदाहरणादाखल, समजा विक्रेत्याची मागणी २,४०,००० रुपये आहे. क्लच ९,०००, पाटे आणि बुश ७,०००, दोन टायर ८,०००, ब्रेक ४,००० असे २८,००० झाले. गाडी चार दिवस गॅरेजमध्ये राहील, त्या काळात भाड्याचा टेम्पो रोज १,५०० प्रमाणे ६,०००. एकूण ३४,०००. तेव्हा २,०६,००० ही बोलणीची जागा झाली. अशी यादी हातात असली की सौदा भांडणाने नव्हे, हिशोबाने होतो. पहिल्या वर्षासाठी थोडी रक्कम बाजूला ठेवावी, सगळी पुंजी गाडीतच ओतू नये.

तीन गोष्टींवर मात्र बोलणीच करू नये : तडकलेली किंवा जोडलेली चेसिस, छेडछाड झालेले नंबर आणि पुरात बुडालेली गाडी. बॅक कॉम्प्रेशनची गाडी घ्यायचीच असेल तर पूर्ण इंजिनकामाचा खर्च वजा करूनच घ्यावी.

ऐब सांगून विकणे

ओले धान्य खाली आणि कोरडे वर ठेवून विकणाऱ्या व्यापाऱ्याला प्रेषितांनी (स.) कसे टोकले, ती हकीकत आपण सर्वांनी ऐकली आहे. ताज्या रंगाखाली वेल्डिंग लपवणे, घट्ट ऑइलने धूर दाबणे आणि काटा मागे फिरवणे यांचा प्रकार तोच आहे. आपली गाडी विकताना ज्ञात असलेला प्रत्येक दोष सांगून विकावी. भाव दहा हजारांनी कमी येईल, पण घेणारा पुढच्या वेळी गाडीसाठी आणि मालासाठीही आपल्याकडेच येईल. खरेदीदारानेही समोरच्याच्या सचोटीवर सर्व सोडून आपली तपासणी टाळू नये. दोन्ही जिम्मेदाऱ्या वेगवेगळ्या आहेत.

शेवटी दोन कामाच्या सूचना. एक, सोबत स्वतःचा मिस्त्री न्यावा, विक्रेत्याने सुचवलेला नव्हे. त्याला अर्ध्या दिवसाची मजुरी खुशीने द्यावी, गाडी घेतली नाही तरीही. फुकटात नेलेला मिस्त्री पाच मिनिटांत "चांगली आहे" म्हणून मोकळा होतो. दोन, शक्य असेल तर ट्रायल रिकाम्या गाडीवर न घेता चार-पाच गाठी टाकून आणि एखादा चढ चढून घ्यावी. गाडी घेतल्यावर पहिल्याच आठवड्यात इंजिन ऑइल, सर्व फिल्टर, कूलंट, गिअर ऑइल आणि ब्रेक ऑइल बदलून तारीख एका वहीत लिहावी. पुढची प्रत्येक दुरुस्ती त्याच वहीत लिहीत जावी. उद्या ही गाडी आपण विकायला काढू तेव्हा ती वहीच घेणाऱ्याच्या हातात द्यावी.